कळ पायात, मूळ कमरेत

पाय दुखला की माणूस पाय चोळतो. हात आपोआप तिकडेच जातो. पण कमरेतून निघून कुल्ल्यातून, मांडीच्या मागच्या बाजूने, पोटरीतून थेट पावलाच्या करंगळीपर्यंत उतरणारी कळ येते, तेव्हा हात जिथे जातो तिथे बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. पोटरी ठणठणीत असते, घोटा शाबूत असतो. बिघाड असतो पार वर, कमरेच्या खालच्या मणक्यांपाशी, आणि तिथे कधीकधी फारसं दुखतही नाही. म्हणून तर या दुखण्याची, म्हणजे सायटिकाची, माणसं महिनोन् महिने पोटरीला तेल लावत बसतात.

माझ्या उजव्या पायात ही कळ काही वर्षांपूर्वी शिरली. जून संपत आला होता, शाळेत नव्या वर्गांची घडी बसत होती. आधी कमरेत नुसती लचक होती. उसण भरली असेल म्हणून शेक घेतला. मग एका सकाळी कमर मोकळी झाली आणि पोटरी पेटली. बसलं की वाढायची, उभं राहिलं की थोडी उतरायची. शिंक येतेय असं वाटलं की आधी भिंत धरायची. पावलाच्या बाहेरच्या कडेला सतत मुंग्या. करंगळी चपलेत आहे की बाहेर हे खाली बघून ठरवावं लागे. रात्री कूस बदलताना तोंडातून आवाज निघायचा आणि सगळं घर जागं व्हायचं. कुणी म्हणालं कॅल्शियम कमी पडलंय, कुणी म्हणालं वात आहे, कुणी पोटरीवरच्या निळ्या शिरा दाखवून त्यांनाच दोष दिला.

ही कळ जिच्यातून येते ती सायटिक नर्व्ह म्हणजे शरीरातली सगळ्यांत जाड नस. कमरेचे शेवटचे दोन मणके आणि त्यांच्याखालचं त्रिकास्थी, इथून निघणारी पाच मुळं एकत्र येऊन ती बनते. उगमापाशी ती जवळपास अंगठ्याइतकी रुंद असते. कुल्ल्यातल्या स्नायूंखालून ती मांडीच्या मागे येते आणि गुडघ्याच्या थोडं वर तिचे दोन फाटे होतात, एक पोटरीतून तळपायाकडे, दुसरा नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला. पाऊल उचलायचा हुकूम तिच्यातून खाली जातो आणि तळव्याखालचा खडा कळतो तोही तिच्यामुळेच. आता या नसेच्या मुळाशीच कुणी चिमटा घेतला, तर मेंदूकडे जी खबर पोचते ती कमरेची नसते. त्या वाटेने आयुष्यभर पोटरीच्या आणि पावलाच्याच खबरा आलेल्या असतात, म्हणून मेंदू हीही खबर पोटरीच्या नावावर टाकतो. दुखणं खरंच असतं. पत्ता तेवढा चुकलेला असतो.

तालुक्याच्या गावी हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेले. ते वयस्क, त्यांची आईही माझ्यासारखी शिक्षिका होती. म्हणाले, "बाई, जरा टाचांवर चालून दाखवा." चालले. "आता चवड्यांवर." डाव्या चवड्यावर नीट उभी राहिले, पण उजवी टाच अर्ध्यावरच थांबली, जोर लावला तरी उठेना. मग त्यांनी टाचेमागच्या कंडरेवर, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, रबरी हातोडी मारली. डावं पाऊल टुणकन उडालं, उजवं जागचं हललं नाही. मला उताणं झोपवून उजवा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलला आणि मी ओरडले तिथे थांबले. "पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली गादी. उजवीकडचं मूळ," एवढं बोलून ते लिहायला लागले. तोवर एकही फोटो काढलेला नव्हता. मला अजूनही त्या दहा मिनिटांचं फार अप्रूप वाटतं. कळ करंगळीकडे गेली, चवड्यावर उभं राहता येत नाही आणि टाचेचा झटका गेला, तर मूळ त्रिकास्थीचं पहिलं. कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे गेली आणि अंगठा वर उचलायला जड जातोय, तर कमरेचं पाचवं. मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला गेली आणि गुडघ्याचा झटका मंदावला, तर चौथं. आपल्या पायावर हा नकाशा जन्मापासून असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

पाय सरळ उचलून बघायच्या त्या तपासणीला लासेग या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे. ती लिहून ठेवली त्यांच्या विद्यार्थ्याने, १८८१ साली. त्याच्या आदल्या वर्षी सर्बियातल्या लाझा लाझारेविच या डॉक्टरांनी तीच खूण आपल्या भाषेत नोंदवली होती. ते कथालेखकही होते. आणि आपल्याकडे सुश्रुतसंहितेत गृध्रसीचं, म्हणजे याच दुखण्याचं, वर्णन करताना, या रोगात पाय वर उचलण्याला अडसर येतो, असं म्हटलेलंच आहे. चरकाने तर कळेचा मार्गही क्रमाने दिला आहे, कुल्ला, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. इतक्या जुन्या काळी, शरीराच्या आत डोकावायचं कुठलंही साधन नसताना, रोग्याकडे नुसतं बारकाईने बघून कुणीतरी हे टिपलं. दुखण्याच्या त्या रात्रींत मला या माणसांचा आधार वाटायचा. आपल्याला होतंय ते पूर्वीही कुणाला तरी असंच झालं होतं, याचा आधार.

हे दुखणं सांध्याचं नसून नसेचं आहे, असं नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्येच लिहिलं होतं. पण नसेला त्रास देतं कोण, हे स्पष्ट व्हायला १९३४ साल उजाडलं. बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन सर्जननी दाखवून दिलं की दोन मणक्यांमधली गादी फाटते आणि तिच्या आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेच्या मुळावर बसतो. त्याआधी असे तुकडे ऑपरेशनमध्ये सापडले तरी डॉक्टर त्यांना गाठी समजत. गादीची बाहेरची कड चिवट, थरांवर थर असलेली. आतला गर ओलसर. तळताना करंजीची कड उकलली की सारण तेलात उतरतं आणि सगळं तेल खवळतं, तसं इथे होतं. गर बाहेर येतो तो नुसता दाबत नाही. तो नसेभोवती दाह माजवतो आणि सुरुवातीची आग बरीचशी त्या दाहाची असते. म्हणून कधी तुकडा लहान असूनही माणूस तडफडतो आणि कधी मोठा तुकडा शांत पडून असतो.

मला धीर देणारी गोष्ट या पुढची होती. बाहेर आलेला हा गर शरीर परका मानतं. रक्तातल्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्याला हळूहळू खाऊन टाकतात. त्यातही गंमत अशी की अगदी सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा विरघळण्याची शक्यता नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा जास्त असते. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होते, ती औषधाने जेवढी तेवढीच या आतल्या सफाईने. डॉक्टरांनी हे मला कागदावर चित्र काढून समजावलं. तो कागद मी अजून ठेवला आहे.

एमआरआय नंतर झाला, पायाची ताकद कमी होती म्हणून. रिपोर्ट इंग्रजीत, दोन पानं. डिजनरेटिव्ह, डेसिकेशन, बल्ज, एक्स्ट्रूजन, कॉम्प्रेशन. घरी येईपर्यंत एसटीत मी ते शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते आणि प्रत्येक वाचनागणिक कंबर आणखी ठिसूळ वाटत होती. रिपोर्ट वाचताना जे माहीत असायला हवं ते असं: १९९४ मध्ये अमेरिकेत ज्यांना कमरेचं दुखणं नव्हतं अशा ९८ लोकांचे एमआरआय काढून बघितले होते. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांच्या गादीला फुगवटा होता आणि २७ टक्क्यांची गादी चक्क बाहेर आलेली होती. ही सगळी माणसं हिंडती-फिरती, निरोगी. वय वाढलं की केस पिकतात तशा गाद्याही सुकतात. तेव्हा फोटोत काय दिसतं एवढ्यावर काही ठरत नाही. फोटो, हातोडी आणि कळेचा मार्ग या तिघांचा मेळ बसला तरच त्या फोटोला अर्थ.

आपल्याकडे हा मेळ फारसा कुणी बघत नाही. एमआरआय सेंटरमधून बाहेर पडतानाच माणूस "माझ्या मणक्यात गॅप आलाय" असं म्हणायला लागतो आणि पुढची वीस वर्षं म्हणत राहतो. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, आता आयुष्यभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही. शेतकऱ्याला हे सांगणं म्हणजे त्याला शेतातून उठवणं आहे. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांची कळ कधीच गेली, पण भीतीने ज्यांची कंबर अजून धरलेली आहे. कळशी दिसली की त्यांचा चेहरा बदलतो. माझं ठाम मत आहे की ही भीती फाटलेल्या गादीपेक्षा अधिक वर्षं खाते. आणि ती बरी व्हायला वेळ लागतो, कारण तिला कुणी दुखणं मानतच नाही.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हेच झालं होतं. ते एसटीत चालक होते, कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर, आंबा घाटातून रोजची ये-जा. जुन्या गाड्यांची थरथर कमरेतून डोक्यापर्यंत जायची आणि क्लच दाबायला डाव्या पायाचा सगळा जोर लागायचा. त्यांची कळही डाव्या पायात होती. मी तेव्हा शाळेत होते. त्यांना दवाखान्यात ठेवलं, पायाला वजनं बांधून खाटेच्या टोकाशी सोडली, आणि घरी आणलं तेव्हा गादीखाली लाकडी फळी टाकून उताणं झोपवलं. उठायचं नाही. सगळं जागेवर. आई त्यांना भरवायची, पुसायची, आणि आम्हाला त्यांच्या खोलीत मोठ्याने बोलू द्यायची नाही. ते उठले तेव्हा पँट कमरेवर राहात नव्हती आणि मांडी माझ्या दंडाएवढी झाली होती. ड्यूटीवर परत जायला त्यांना मग त्या मांडीसाठी वेगळे काही महिने लागले.

माझं कळल्यावर ते गावाहून आले. पिशवीतून आपला जुना कमरपट्टा आणला होता, कडक, पट्ट्या असलेला. आल्याआल्या पलंगाची चादर उचलून बघितली. "फळी टाकली नाहीस?"

"अण्णा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"चालायला? नस दबलेली असताना?"

मी त्यांना नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, जो मला डॉक्टरांनीच सांगितला होता. १८३ रुग्ण होते. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडा-फिरा म्हणून सांगितलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे सारखेच लोक बरे होते, ८७ टक्के. झोपून राहणाऱ्यांच्या पदरात जास्तीचं काही पडलं नव्हतं. हे छापून आलं १९९९ मध्ये, म्हणजे अण्णांच्या दुखण्यानंतर. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बराच वेळाने विचारलं, "मग मला का झोपवलं गं इतके दिवस?" मी म्हटलं, तेव्हा जगभर तसंच झोपवत होते. आईही तिथे होती. तिने त्यांच्यासाठी त्या फळीवर जे केलं त्यातलं काही वाया गेलं असं मला म्हणायचं नव्हतं आणि मी म्हटलंही नाही. पण आजारी माणसाला हलू न देणं हीच माया, ही आपल्या घरांची समजूत या दुखण्यात उलटी पडते. "तू उठू नको, मी देते" हे वाक्य मला रोज ऐकू यायचं आणि रोज त्याला प्रेमाने नाही म्हणावं लागायचं.

संध्याकाळी अण्णा माझ्याबरोबर चालायला यायला लागले. तेव्हा एक लक्षात आलं. मला उभं राहिलं की बरं वाटायचं आणि बसलं की कळ यायची. अण्णांचं नेमकं उलट. शंभर-दोनशे पावलं चाललं की त्यांचे पाय भरून यायचे, जड व्हायचे, आणि कट्ट्यावर बसून जरा पुढे वाकलं की पाच मिनिटांत मोकळे. नंतर डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, त्यांचं दुखणं आता गादीचं नाही, वयाचं आहे. नसा जातात तो मणक्यातला मार्गच अरुंद झालाय. ताठ उभं राहिलं की तो आणखी आवळतो, पुढे वाकलं की सैल होतो. म्हणून अशा माणसांना सायकल चालते पण चालणं होत नाही. एका रस्त्यावर आम्ही दोघं, त्यांना बसायला कट्टा हवा आणि मला कट्टा बघवत नव्हता. एकाला सांगितलेला व्यायाम दुसऱ्याने करू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मागे वाकण्याने मला आराम पडायचा, त्याच वाकण्याने अण्णांचे पाय भरून आले असते. शिवाय पायातली प्रत्येक आग या नसेची नसते. मधुमेहात दोन्ही पावलं एकदम जळतात, तळव्यापासून वर, आणि त्याचा कमरेशी संबंध नसतो.

मागे वाकण्याची गोष्ट रॉबिन मॅकेन्झी या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टची. १९५६ मध्ये वेलिंग्टनला त्यांच्याकडे पाय दुखणारा एक रुग्ण आला. त्याला आतल्या टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या रुग्णासाठी वर केलेला होता, तो तसाच राहून गेला होता. रुग्ण त्यावर तसाच पालथा पडला, कंबर मागे वाकलेली. मॅकेन्झी येऊन बघतात तर तो म्हणाला, पाय दुखायचा थांबला. त्यातून एक मोलाची खूण हाती आली. एखाद्या हालचालीने कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत अशी वर सरकत गेली, तर ती हालचाल आपल्या कामाची. मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. कळ खाली उतरत गेली तर ती हालचाल थांबवायची. माझ्या फिजिओथेरपिस्टने, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी ती, पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं. "मॅडम, किती दुखतंय ते नका मोजू. कुठवर जातंय ते बघा." तेव्हापासून मी कळेला जास्त-कमी असं म्हणणं सोडलं. आज गुडघ्यापर्यंत, आज मांडीपर्यंत, असं बोलायला लागले. दुखणं तेच, पण त्याच्यावर नजर ठेवता यायला लागली आणि नजर ठेवता आली की रात्र जाते.

बाकीचं सगळं घरातलं. पलंगावरून उठताना सरळ न उठता कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या जोरावर उठायचं. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी. खाली बसून जेवणं काही काळ बंद, पंगतीतही खुर्ची मागायची. त्यात संकोच वाटतो पण मागायची. भारतीय पद्धतीच्या संडासावर प्लास्टिकची खुर्ची. बादली अर्धीच भरायची, दोन खेपा झाल्या तरी चालतील. लांब दांड्याचा झाडू आणला, आणि खरं सांगायचं तर तो प्रत्येक घरात आधीपासूनच असायला हवा, कमरेतून वाकून घर झाडण्यात कसलंही पुण्य नाही. वर्गात फळ्यापुढे एक पाय छोट्या पाटावर ठेवून उभी राहायचे, मग दुसरा. वीसेक मिनिटांपलीकडे एका जागी बसायचं नाही. वह्या तपासायला खिडकीच्या उंच कट्ट्याशी उभी. मुलांना नवल वाटायचं, मग सवय झाली. स्कूटर बंद केली, आमच्याकडचे गतिरोधक लक्षात घेता तो निर्णय सोपा होता. चालणं मात्र रोज, आधी अंगणात, मग मारुतीच्या देवळापर्यंत, मग कालव्यापर्यंत.

शाळेतल्या शिपाई मावशींनी सांगितलं, पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घ्या, माझी उसण तशीच गेली. त्यांनी मनापासून सांगितलं होतं. उसण स्नायूची असते आणि चार-आठ दिवसांत बहुधा जातेच, त्या पायाने कमरेला नुसता स्पर्श केला तर बिघडत काही नाही. पण कळ गुडघ्याखाली उतरलेली असेल, पाऊल बधिर असेल, तर कमरेवर कुणालाही उभं राहू देऊ नका, कडकन आवाज काढणाऱ्याला हात लावू देऊ नका. त्यांना मी हे सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं.

औषधांबद्दल थोडंच. दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी पहिले दिवस सुसह्य होतात, पण किडनी, जठर, रक्तदाब यांचा विचार डॉक्टरांनीच करायचा. मेडिकलच्या काउंटरवरून महिनोन् महिने घ्यायच्या त्या गोळ्या नव्हेत. प्रीगॅबालिन नावाची नसेची गोळी आपल्याकडे सर्रास मिळते. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये छापून आलेल्या चाचणीत २०९ रुग्णांवर ती बघितली, पायाच्या कळेत साध्या खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ती चालू असेल तर एकदम बंद करायची नसते, विचारून हळूहळू कमी करायची. कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने काहींना काही आठवडे उसंत मिळते, तेवढ्यात चालणं सुरू करता येतं.

ऑपरेशनचं नाव काढलं की घरात दोन तट पडतात. नेदरलँड्समध्येच २००७ साली हाही प्रश्न विचारला गेला. दीड ते तीन महिने जबर कळ सोसलेले २८३ रुग्ण. काहींचं लगेच ऑपरेशन, काहींना थांबवलं. लगेच केलेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक आपण बरे झालो असं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात ऑपरेशन करून घ्यावं लागलं, हेही त्यातच आहे. म्हणजे ज्याला थांबणं सोसतं त्याने थांबावं, ज्याला सोसत नाही त्याने करून घ्यावं, यात शूरपणा किंवा भित्रेपणा कुठेच येत नाही. मी थांबले, कारण माझी कळ वर सरकत होती आणि टाच हळूहळू उचलायला लागली होती.

मात्र काही वेळा थांबायचं नसतं, एक रात्रही नाही. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या टोकाशीच संपतो आणि खाली नुसत्या नसांचा जुडगा लोंबतो. मोठा तुकडा बाहेर येऊन त्या सगळ्या जुडग्यावर बसला तर लघवी आणि शौचावरचा ताबा जातो. लघवी लागल्याची जाणीव होत नाही, किंवा लागते पण होत नाही, किंवा नकळत होते. दोन्ही मांड्यांच्या आतला भाग, बसायची जागा, जननेंद्रियाभोवतीची जागा बधिर होते. पुसताना स्पर्श कळत नाही. दोन्ही पाय एकदम ढिले पडतात. असं झालं की त्याच तासाला मोठ्या इस्पितळात जायचं, ऑपरेशन जेवढं लवकर तेवढं बरं. उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. पाऊल एकाएकी लुळं पडून चालताना फरफटायला लागलं, कमरेच्या दुखण्याबरोबर ताप आला, वजन घटायला लागलं, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, पडल्यानंतर दुखणं सुरू झालंय, यांतही डॉक्टरांना लगेच गाठायचं. मी हे उघड शब्दांत लिहिते आहे कारण आपल्याकडच्या बायका ही खूण सांगतच नाहीत. लघवीचं बोलायचं कसं, त्यातून डॉक्टर पुरुष. सासूला सांगत नाहीत, नवऱ्याला सांगत नाहीत, दोन दिवस पाणी कमी पितात. मुलींनो, बायांनो, हे सांगा. कुणालाही सांगा.

माझी टाच आता पूर्ण उचलते. करंगळीच्या कडेला थोडा बधिरपणा आहे आणि हातोडी मारली तर उजवं पाऊल अजूनही हलत नाही. डॉक्टर म्हणाले, तो झटका कदाचित कधीच येणार नाही, त्याने अडत काही नाही. मी पुन्हा खाली बसून जेवते, वाकते, भरलेली बादली उचलते.

आमचं गाव वारणेच्या काठचं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं हंगामापुरती आमच्या शाळेत बसतात. मागच्या हंगामात एका मुलीची आई तिला सोडायला यायची, बीडकडची, तिशीही उलटलेली नसावी. एक पाय टाकताना चेहरा आक्रसायचा. मी विचारलं तर तिने कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत बोट फिरवून दाखवलं, डॉक्टरांच्या पुस्तकातली रेघ असावी इतकं नेमकं. मी तिला बाजूला घेऊन लघवीचं विचारलं, बधिरपणाचं विचारलं. तसलं काही नव्हतं. अंगठा वर करायला लावला, टाचांवर चालवलं, चालली. मग मला जे माहीत होतं ते सांगायची वेळ आली आणि माझ्याकडचा प्रत्येक सल्ला तिथे अडला. वाकू नका, तर ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. वजन उचलू नका, तर मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं असतं. काही आठवडे सांभाळा, तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरून मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, एकाने घरी राहिलं की खाडा लागतो. कळ आपसूक ओसरण्यासाठी जे आठवडे लागतात, ते माझ्याकडे होते. पगार चालू होता, खिडकीशी उभं राहून वह्या तपासता येत होत्या. तिचे आठवडे मुकादमाने आधीच विकत घेतलेले होते.

मी मुकादमाला गाठलं, आमच्या मुख्याध्यापकांनाही बरोबर नेलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, बाई, मोळी नाही उचलायला लावत तिला, हंगाम संपेपर्यंत वाढं बांधू दे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फडाच्या बाजूने गेले. ती दिवसभर कमरेतून वाकून वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याच्या, पेंढ्या बांधत होती. मी तिला गुडघे टेकून बांधायला सांगितलं आणि दर थोड्या वेळाने उठून मागे कसं वाकायचं ते करून दाखवलं. तिने करून बघितलं. "पोटरीतली वर आली," म्हणाली, आणि ट्रक भरायच्या आत उरलेल्या पेंढ्या संपवायला परत खाली वाकली.